जडेजाने मारायला हवं होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: इंग्लंडविरुद्धच्या २०२५ च्या लॉर्ड्स कसोटीत १९३ धावांचा पाठलाग करताना रवींद्र जडेजा १८१ चेंडूंत ६१ धावांवर नाबाद राहिला आणि भारत २२ धावांनी हरला. त्याने आधीच हात मोकळे केले असते तर सामना निघाला असता का? कसोटीसाठी फलंदाज निवडताना स्ट्राइक रेटला, म्हणजे शंभर चेंडूंमागे किती धावा या आकड्याला, किती वजन द्यावं? आणि आठव्या क्रमांकापर्यंत फलंदाजी हवी म्हणून फिरकीपटू कुलदीप यादवला त्या मालिकेत पाचही सामने बाहेर बसवणं बरोबर होतं का?

मी बरीच वर्षं लाल चेंडूचं क्रिकेट शिकवतोय आणि क्लब व वयोगटाच्या निवडीच्या बैठकांना बसलोय. या तिन्ही प्रश्नांवर माझं मत पक्कं आहे. जडेजाचा खेळ बरोबर होता. स्ट्राइक रेटचा रकाना निवड करताना सगळ्यात शेवटी बघावा. कुलदीपला बसवणं मला पटलेलं नाही, पण समोरच्या बाजूचा मुद्दा पोकळ नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी लॉर्ड्स. पहिल्या डावात दोन्ही संघांच्या ३८७ धावा झाल्या. दुसऱ्या डावात इंग्लंड १९२ वर आटोपलं. चौथ्या दिवसअखेर आपण ४ बाद ५८. पाचव्या दिवशी सकाळी पंत, राहुल आणि सुंदर गेले आणि ७ बाद ८२ झाले. नितीश रेड्डी ५३ चेंडू टिकला, पण उपाहाराच्या अगदी तोंडावर वोक्सला विकेट देऊन बसला. ८ बाद ११२. हव्या होत्या ८१ धावा, आणि राहिले होते बुमराह आणि सिराज.

या क्षणी फलंदाजाने स्वतःला विचारायचा प्रश्न एकच: माझ्याकडे कमी काय आहे, षटकं की विकेट? षटकं ढीगभर होती, उपाहारानंतरची दोन पूर्ण सत्रं शिल्लक होती. विकेट दोनच होत्या. जी गोष्ट मुबलक आहे ती खर्च करायची आणि जी कमी आहे ती जपायची. जडेजाने नेमकं तेच केलं. शेवटच्या दोन जोड्या मिळून पस्तीस षटकं खेळल्या आणि त्यांनी ५८ धावा जोडल्या. बुमराहने ५४ चेंडू खेळून ५ धावा केल्या, सिराजने ३० चेंडू खेळून ४. ज्या दोघांकडून दहा-बारा चेंडूंची अपेक्षा ठेवावी, त्यांनी ८४ चेंडू अडवून धरले. हे आपोआप घडत नाही. पलीकडचा मोठा खेळाडू घाई करत नाही हे दिसलं की तळाच्या खेळाडूचेही हातपाय थरथरायचे थांबतात.

आता मारायचं म्हणजे कुणाला आणि कुठे, हेही बघा. इंग्लंडने जडेजासाठी क्षेत्ररक्षक सीमारेषेवर पेरले होते. षटकाच्या सुरुवातीला एकेरी धाव फुकट मिळत होती, कारण त्यांना बुमराह स्ट्राइकवर हवा होता. चौथ्या-पाचव्या चेंडूला तेच क्षेत्ररक्षक आत यायचे. चेंडू पन्नास-साठ षटकं जुना, मऊ झालेला. त्या मालिकेत ड्यूक्सचा (इंग्लंडमध्ये वापरतात तो) चेंडू लवकर आकार सोडत होता आणि मऊ पडत होता, हे सगळ्यांनी पाहिलंय. मऊ चेंडू बॅटवरून सुटत नाही. पाच जण सीमेवर असताना असा चेंडू उचलून मारायचा तर तो सरळ हातात जाण्याची शक्यताच जास्त. बुमराहचं तसंच झालं. इतका वेळ टिकल्यावर त्याने स्टोक्सला पुल मारला आणि झेल दिला.

एका मुद्द्यावर मात्र जडेजाच्या टीकाकारांना उत्तर देणं लागतं. नवा चेंडू ८० षटकांनी मिळतो. भारताचा डाव ७४.५ षटकांत संपला. म्हणजे अजून पाच षटकं टिकले असते तर इंग्लंडच्या हातात कडक, नवा चेंडू आला असता आणि सिराज त्यापुढे टिकणं अवघड होतं. त्यामुळे ७० व्या षटकाच्या आसपास, २५-३० धावा हव्या असताना, एखाद-दुसरा धोका पत्करायला हवा होता असं कुणी म्हटलं तर मी ऐकून घेईन. बशीर तर मोडक्या बोटाने टाकत होता, त्याला एखादा फटका मारून बघता आला असता. पण तोही वादाचा मुद्दा आहे, कारण शेवटची विकेट त्याच बशीरने काढली. सिराजने चेंडू व्यवस्थित अडवला, तो जमिनीवर पडून मागे घरंगळला आणि यष्टीला लागला. त्यात कुणाचा दोष नाही.

दोष शोधायचाच असेल तर वर बघा. १९३ चं लक्ष्य, हातात जवळजवळ सव्वा दिवस, आणि जयस्वाल डावाच्या दुसऱ्याच षटकात आर्चरला आडव्या बॅटने मारायला जाऊन शून्यावर बाद. करुण नायर आत येणारा चेंडू सोडून पायचीत. पहिल्या डावात पंत ७४ वर छान खेळत होता, राहुल ९८ वर होता आणि उपाहाराआधी राहुलला स्ट्राइक मिळावा म्हणून जी धाव काढायला गेले तिच्यात स्टोक्सने थेट फेकीवर पंतला धावबाद केलं. तोवर त्या जोडीने १४१ धावा जोडल्या होत्या. तिथे आघाडी मिळाली असती तर शेवटच्या दिवशी जडेजावर ही वेळच आली नसती. सामना संथ खेळामुळे गेला असं म्हणणाऱ्यांनी या तीन विकेट पुन्हा एकदा बघाव्यात. एक घाईने गेली, एक चुकीच्या अंदाजाने आणि एक शतकाच्या नादात.

इथे मला जे मुख्य म्हणायचंय ते सांगून टाकतो. कसोटीत धावांचा वेग हा एकट्या फलंदाजाचा गुण किंवा अवगुण नसतो. तो तीन गोष्टींवर ठरतो: किती षटकं उरलीत, चेंडू किती जुना आहे आणि पलीकडे कोण उभा आहे. त्यामुळे '४४ चा स्ट्राइक रेट' किंवा '७० चा स्ट्राइक रेट' हा आकडा या तीन गोष्टी काढून टाकल्या की काहीच सांगत नाही.

चेतेश्वर पुजाराचं उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडे ही चर्चा दहा वर्षं त्याच्याच नावावर चालली. २०१६ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये किंग्स्टनला त्याने १५९ चेंडूंत ४६ केल्या आणि पुढच्या सेंट लुशियाच्या कसोटीत तो बाहेर होता, रोहित आत आला. २०१८ ला एजबॅस्टनच्या पहिल्या कसोटीतही त्याला बसवलं आणि ती आपण ३१ धावांनी हरलो. त्याच वर्षाच्या शेवटी ऑस्ट्रेलियात त्याने चार कसोटींत १२५८ चेंडू खेळून ५२१ धावा केल्या, तीन शतकं काढली आणि आपण तिथली मालिका पहिल्यांदा जिंकली. मेलबर्नला त्याच्या १०६ धावांना ३१९ चेंडू लागले. ७ बाद ४४३ वर डाव घोषित करेपर्यंत भारताने जवळजवळ १७० षटकं खेळून काढली होती. खेळपट्टी मंद आहे, वेळ वाया घालवताय, पाऊस आला तर पस्तावाल, अशी ओरड झाली. पाऊस खरंच आला, तरी पाचव्या दिवशी आपण १३७ धावांनी जिंकलो. कारण १७० षटकं उन्हात टाकल्यावर आणि उभं राहिल्यावर ऑस्ट्रेलियाचे फलंदाज बॅट घेऊन आत आले तेव्हा त्यांचे पाय जड झाले होते, आणि समोर बुमराह होता. बुमराहने ३३ धावांत ६ घेतले.

पण पुजाराचं सगळंच योग्य होतं असंही मी म्हणणार नाही. २०२१ च्या सिडनी कसोटीतला पहिला डाव बघा. त्याने १७६ चेंडूंत ५० केल्या. संघाच्या शंभर षटकांत २४४ झाल्या. टीका झाली ती पन्नाशीच्या संथपणावर, पण मला त्या डावात वेगळी गोष्ट खटकते. रहाणेनेही ७० चेंडूंत २२ केल्या होत्या. म्हणजे दोन्ही बाजू एकाच वेळी अडकल्या. कमिन्स, हेझलवूड, लायन यांना एकाच फलंदाजाला सलग षटकंच्या षटकं टाकता आली. एकेरी धाव निघाली नाही की गोलंदाजाची दिशा बसते. आणि त्याच डावात आपले तीन जण धावबाद झाले: विहारी, अश्विन आणि बुमराह. धावा अडल्या की नसलेली धाव दिसायला लागते, हे शाळेच्या संघापासून कसोटीपर्यंत सारखंच आहे.

दहा दिवसांनी ब्रिस्बेनला तोच पुजारा, तसाच खेळ: २११ चेंडूंत ५६. अंगावर, हातावर, हेल्मेटवर चेंडू घेतले. पण पलीकडे गिलने १४६ चेंडूंत ९१ केल्या. दुसऱ्या विकेटसाठी ११४ धावा आल्या आणि त्यात पुजाराचा वाटा छोटा होता. गिल गेल्यावर रहाणे आला आणि त्याने २२ चेंडूंत २४ केल्या. लक्ष द्या, हाच रहाणे सिडनीत ७० चेंडूंत २२ वर होता. त्याने जोडीदार ओळखून वेग बदलला. चहापानाला ३ बाद १८३ होत्या, शेवटच्या सत्रात ३७ षटकांत १४५ हव्या होत्या. पुजारा नवा चेंडू आल्यावर बाद झाला, ८० षटकं पार करून. तोवर पंत स्थिरावला होता. ३ विकेट राखून ३२९ निघाल्या, तीन षटकं बाकी असताना. पुजाराच्या जागी सत्तरच्या स्ट्राइक रेटचा माणूस असता तर कदाचित धावा लवकर निघाल्या असत्या, पण चहापानाला ३ ऐवजी ६ बाद असते तर पंतला तो डाव खेळता आला नसता. त्या दिवसाचं श्रेय एकट्या पंतला देणारे आणि एकट्या पुजाराला देणारे, दोघेही अर्धाच सामना बघतात.

वेग म्हणजे मोठे फटके, हा गैरसमज नवा नाही. आपल्याकडचं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९७९ च्या इंग्लंडविरुद्धच्या ओव्हल कसोटीत आहे. ४३८ चं लक्ष्य. चौथ्या दिवसअखेर बिनबाद ७६. पाचव्या दिवशी गावसकर आणि चेतन चौहान यांनी सलामीची भागी २१३ पर्यंत नेली. चौहान त्याआधी बरीच वर्षं महाराष्ट्राकडून रणजी खेळलेला, त्याने ८० केल्या. मग वेंगसरकर आला आणि १५३ ची भागी झाली. शेवटची अनिवार्य २० षटकं सुरू झाली तेव्हा १ बाद ३२८ होत्या, हव्या होत्या ११०. षटकामागे साडेपाच, नऊ गडी हातात आणि गावसकर जम बसवून खेळत होता. वेंगसरकर ३६६ वर गेला आणि चौथ्या क्रमांकावर कपिल देवला पाठवलं. हेतू उघड होता, मोठे फटके हवे होते. कपिल शून्यावर विलीच्या गोलंदाजीवर झेल देऊन परतला. मग यशपाल आला. गावसकर २२१ करून ३८९ वर बाद झाला, तेव्हा कुठे गुंडाप्पा विश्वनाथ मैदानात उतरला. त्याच मालिकेत लॉर्ड्सला शतक केलेला विश्वनाथ, सहाव्या क्रमांकावर. तो १५ करून गेला, त्यानंतर पडझड झाली आणि ८ बाद ४२९ वर सामना अनिर्णित राहिला. ९ धावा कमी पडल्या.

मी या सामन्याबद्दल मुलांशी पुष्कळदा बोलतो. साडेपाचच्या गतीने वीस षटकं काढायला षटकार लागत नाहीत. दर षटकाला चार एकेरी-दुहेरी आणि अडीच षटकातून एक चौकार पुरतो. क्षेत्ररक्षक पांगलेले असताना हे काम कोण करणार? ज्याला मनगट फिरवून मोकळ्या जागेत चेंडू ढकलता येतो तो. विश्वनाथ त्या काळात जगात या कामात पहिल्या दोन-तिघांत होता. तो गावसकर खेळत असताना पलीकडे असता तर गावसकरलाही थकल्या हातांनी उंच फटका मारावा लागला नसता. कपिलला पुढे पाठवणं धाडसाचं होतं असं आजही म्हणतात. माझ्या मते तो वेगाबद्दलच्या चुकीच्या कल्पनेतून घेतलेला निर्णय होता.

क्रम बदलण्याची ही हौस अजून गेलेली नाही. २०२४ च्या वानखेडे कसोटीत न्यूझीलंडविरुद्ध पहिल्या डावात सिराजला नाइट वॉचमन म्हणून (दिवसअखेर चांगल्या फलंदाजाला वाचवायला) पाठवलं, तो पहिल्याच चेंडूवर पायचीत झाला. दुसऱ्या दिवशी डावखुरा-उजवा मेळ राखायचा म्हणून जडेजा वर आला आणि सर्फराज खान आठव्या क्रमांकावर. दोनच सामन्यांपूर्वी बंगळुरूला १५० केलेला मुलगा, स्वतःच्या गावच्या मैदानावर, फिरकी खेळण्यात आपल्या पिढीत सगळ्यात सराईत, आणि त्याला जडेजाच्याही खाली ठेवलं. तो शून्यावर गेला. डावा-उजवा मेळ चांगलाच असतो, गोलंदाजाची दिशा बिघडते. पण त्यासाठी फिरकीचा चांगला खेळाडू तीन-चार क्रमांक खाली ढकलणं मला कधीच पटणार नाही. तो सामना आपण २५ धावांनी हरलो, मालिका ३-० ने.

आणि ही मालिका सुरू होण्याच्या पंधरा-वीस दिवस आधी कानपूरला काय चाललं होतं ते आठवा. पावसाने दोन दिवस पूर्ण गेले, पहिल्या दिवशी ३५ षटकं झालेली. बांगलादेशला २३३ वर गुंडाळून भारताने ३४.४ षटकांत ९ बाद २८५ केल्या आणि डाव घोषित केला. जयस्वाल ५१ चेंडूंत ७२, राहुल ४३ चेंडूंत ६८. सामना ७ विकेटनी जिंकला. तो डाव मला मनापासून आवडतो. तिथे षटकं कमी होती आणि विकेट भरपूर, म्हणून विकेट खर्च केल्या. लॉर्ड्सच्या जडेजाच्या उलट परिस्थिती, आणि उत्तर तितकंच बरोबर. गडबड पुढे झाली. कानपूरचा वेग हाच आपला स्वभाव, असं मानून त्यानंतर घरच्या वळणाऱ्या खेळपट्ट्यांवर खेळायला गेलो. पुण्यात गहुंजेला सँटनरने १३ विकेट घेतल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकात्याला याची पुनरावृत्ती झाली. १२४ हव्या होत्या, ९३ वर सर्वबाद. गिल मानेच्या दुखण्याने नव्हता, हे खरं. पण त्या सामन्यात दोन्ही संघांत मिळून एकच अर्धशतक झालं, टेंबा बवुमाचं नाबाद ५५, १३६ चेंडूंत. त्याने काय केलं? फिरकीला पुढे यायचं तर टप्प्यापर्यंत, नाहीतर पूर्ण मागे. अधलंमधलं काही नाही. हात सैल, चेंडू पायाशी पाडायचा, जवळ उभ्या क्षेत्ररक्षकाच्या आधी तो जमिनीला लागला पाहिजे. धाव मिळाली तर घ्यायची. आपल्या बाजूने वॉशिंग्टन सुंदर तिसऱ्या क्रमांकावर असाच ९२ चेंडू खेळला, ३१ केल्या. शेवटी अक्षरने महाराजला चौकार-षटकार मारले, सामना क्षणभर जवळ आल्यासारखा वाटला आणि तो झेल देऊन परतला. त्याच्याबद्दल मला सहानुभूती आहे, पलीकडे कुणी उरलं नव्हतं. तिथे मारणं बरोबर होतं, वेळ आणि विकेट दोन्हींचा हिशोब तेच सांगत होता. जे वरच्या क्रमांकावर बचाव न जमल्याने गेले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार आहे.

मग निवड कशी करावी? मी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या चाचणीत काय बघतो ते सांगतो. वरच्या पातळीवरही हेच लागू पडतं.

चाचणीत नेटमध्ये प्रत्येक जण ड्राइव्ह मारतो. त्यातून काही कळत नाही. मी स्कोअररची वही मागवतो आणि त्या मुलाच्या डावातले निर्धाव चेंडू बोटाने मोजत जातो. एका गोलंदाजाला सलग दहा-बारा ठिपके पडले की त्याच्यापुढे काय लिहिलंय ते बघतो. ठिपक्यांनंतर 'विकेट' असेल, तर मुलाची सहनशक्ती तेवढीच. ठिपक्यांनंतर चौकार आणि लगेच विकेट असेल, तर तो कोंडी फोडायला फक्त मोठा फटका जाणतो. ठिपक्यांनंतर '१' असेल आणि असं तीन-चार वेळा असेल, तर त्या मुलाला मी पुन्हा बोलावतो. त्याला अडकल्यावर सुटायचं कसं ते माहीत आहे. मग मैदानावर बघतो की ती धाव कशी येते: ऑफ स्पिनरला वळणाबरोबर मिडविकेटकडे ढकलून, की वेगवान गोलंदाजाला उशिरा खेळून थर्डमॅनला, की नुसता चेंडू पायाशी मऊ पाडून पळून. आमच्याकडे सरावात आठ-दहा षटकं अशी खेळवतो की चौकार मोजायचाच नाही, धावून काढलेल्याच धावा धरायच्या. फटक्यांवर जगणारी मुलं पहिल्या चार षटकांत चिडतात. नंतर त्यांचे डोळे मोकळ्या जागा शोधायला लागतात.

दुसरं म्हणजे धावा कुठे झाल्या. सपाट खेळपट्टीवरच्या दोनशेपेक्षा कांगा लीगमधल्या ओल्या, न झाकलेल्या खेळपट्टीवरच्या चाळीस धावा मला जास्त सांगतात. १९४८ पासून पावसाळ्यात खेळली जाणारी ही स्पर्धा मुंबईच्या फलंदाजांना चेंडू उशिरा खेळायला शिकवते. रणजीचे आकडे बघतानाही तिसऱ्या-चौथ्या डावातल्या धावा वेगळ्या काढून बघाव्यात. वीस षटकांच्या स्पर्धेत उंच फटके मारतो म्हणून कसोटीच्या चर्चेत नाव आणणाऱ्याला मी एवढंच विचारतो, की त्याने चौथ्या दिवशी सिली पॉइंट आणि शॉर्ट लेगचे क्षेत्ररक्षक बॅटला खेटून उभे असताना किती डाव काढलेत.

तिसरं, जोड्या. पहिले सहा फलंदाज सगळे सारख्या गतीचे असू नयेत. पंतसारखा एक असेल तर त्याच्या वर किंवा खाली राहुलसारखा एक हवाच. २०२५ च्या मँचेस्टरला ३११ धावांनी मागे असताना पहिल्याच षटकात शून्यावर दोन गेले. राहुलने २३० चेंडूंत ९० आणि गिलने २३८ चेंडूंत १०३ केल्या. पंतच्या पायाचं हाड मोडलेलं, म्हणून सुंदर पाचव्या क्रमांकावर आला आणि जडेजाबरोबर शेवटपर्यंत नाबाद राहिला, दोघांची शतकं. १४३ षटकांत ४ बाद ४२५. हा तीन धावांच्या गतीचा डाव आहे. सामना वाचवायला निघालेले खेळाडू रडतखडत खेळत नव्हते. वाईट चेंडू सोडला नाही, चांगल्यावर विकेट दिली नाही, एवढंच.

आता कुलदीप. २०२५ च्या त्या इंग्लंड दौऱ्याच्या पहिल्या कसोटीत लीड्सला काय झालं, ज्यातून तळाच्या फलंदाजीची भीती आली? पहिल्या डावात ३ बाद ४३० वरून ४७१ सर्वबाद, म्हणजे ४१ धावांत ७. दुसऱ्या डावात शेवटचे सहा ३१ धावांत. त्यानंतर व्यवस्थापनाने ठरवलं की फलंदाजी आठपर्यंत न्यायची. एजबॅस्टनला त्याचं फळही मिळालं. ५ बाद २११ वरून गिलने जडेजाबरोबर २०३ आणि सुंदरबरोबर १४४ जोडल्या. हा मुद्दा मी मान्य करतो. जडेजा आणि सुंदर दोघेही संघात हवेतच, कारण ते फलंदाज म्हणूनही स्वतःच्या बळावर उभे राहतात.

पण लीड्सची बेरीज करा: ४७१ आणि ३६४ मिळून ८३५ धावा, पाच शतकं. तरी इंग्लंडने चौथ्या डावात ३७१ चं लक्ष्य ५ विकेटच्या बदल्यात गाठलं. ८३५ धावा करून हरणाऱ्या संघाची उणीव फलंदाजी नसते. मँचेस्टरला इंग्लंडने १५७ षटकं फलंदाजी करून ६६९ केल्या, त्यात शार्दुल ठाकूरला कर्णधाराने ११ षटकं दिली. त्याने फलंदाजीत ४१ केल्या, त्या मी कमी लेखत नाही. पण जो गोलंदाज ६६९ होताना ११ च षटकं टाकतो तो गोलंदाज म्हणून संघात नव्हताच, आणि फलंदाज म्हणून त्याच्यापेक्षा चांगले चार जण मुंबईतच सापडतील. ती जागा कुलदीपची होती. मधल्या षटकांत, चेंडू मऊ पडल्यावर विकेट काढू शकणारा मनगटी फिरकीपटू आपल्याकडे असताना आपण त्या षटकांत धावा रोखत बसलो. त्या मऊ चेंडूची तक्रार मालिकाभर केली आणि त्यावर इलाज असलेला गोलंदाज पाण्याच्या बाटल्या घेऊन धावत होता.

उरतो डाव घोषित करण्याचा प्रश्न, कारण वेगाचं खरं काम तिथे असतं. एजबॅस्टनला दुसऱ्या डावात गिलने १६२ चेंडूंत १६१ आणि पंतने ५८ चेंडूंत ६५ केल्या, आपण ८३ षटकांत ६ बाद ४२७. तरी ६०८ चं लक्ष्य ठेवायला फार वेळ घेतला, म्हणून चौथ्या दिवशी संध्याकाळी गिलवर टीका चालू होती. गोलंदाजांना पूर्ण पाचवा दिवस आणि चौथ्याचा शेवटचा तास मिळावा, आणि तीन वर्षांपूर्वी त्याच मैदानावर ३७८ धावा ३ बाद काढलेल्या संघाला आशाच ठेवू नये, असा तो हिशोब होता. वरचे दोघे तितक्या वेगाने खेळले म्हणूनच दोन्ही साधलं. त्या संध्याकाळीच इंग्लंडचे तीन गेले. पाचव्या दिवशी सकाळी पावसाने दहा षटकं खाल्ली आणि ८० उरली. आकाशदीपने सामन्यात दहा विकेट पूर्ण केल्या आणि इंग्लंडचा डाव एकूण ६८.१ षटकांत २७१ वर संपला.